आवाज त्यांचा, नावं दुसऱ्यांची

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

कराड तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. वय सेहेचाळीस. माहेर आणि सासर एकाच पंचक्रोशीतलं, त्यामुळे दोन्हीकडची लग्नं गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं एकाच गुरुजींनी लावली. ताईंचं स्वतःचंही. मुहूर्ताआधी गुरुजी गौरीहराशी बसलेल्या नवरीजवळ येत, भोवतालच्या बायकांना जरा बाजूला व्हायला सांगत आणि हळूच विचारत, "बाळ, मनापासून आहे ना? नसेल तर मला सांग, बाकीचं मी बघतो." यंदा आषाढात गुरुजी गेले. सहा महिने अंथरुणाला होते. ताईंच्या घरातलं कुणी भेटायला गेलं नाही, गेल्याचंही तेराव्यानंतर कळलं. आता मार्गशीर्षात ताईंच्या मुलीचं लग्न आहे, मुलगा तासगावचा. "तुझ्या लग्नाला मीच उभा राहणार," असं गुरुजी तिला लहानपणापासून म्हणत आले. दोन वर्षांपूर्वी तिच्या चुलतबहिणीच्या लग्नात कुणीतरी मोबाईलवर त्यांची मंगलाष्टकं रेकॉर्ड केली होती. आपल्या मुहूर्ताला तीच स्पीकरवर लावायची, असा मुलीचा हट्ट आहे. वन्सं म्हणतात, गेलेल्या माणसाचा आवाज मंगलकार्यात म्हणजे अपशकुन. मुलगी म्हणते, मग विधीच नकोत, सरळ रजिस्टर लग्न करते. नवे गुरुजी तरुण आहेत, त्यांना यातलं काहीच सांगितलेलं नाही. ताई विचारतात: कुणाचं ऐकू? आणि गुरुजींच्या शेवटच्या दिवसांत आम्ही गेलो नाही, ते आता कसं भरून काढू?

*

प्रिय ताई,

तुमच्या गुरुजींच्या त्या एका प्रश्नापाशी मी बराच वेळ अडकून राहिले. कार्यालय भरलेलं, बाहेर वाजंत्री, जेवणाच्या पंगतीची गडबड, मामा पाटाजवळ तयार उभे. सगळं ठरलेलं, सगळा खर्च झालेला. अशा वेळी एक माणूस पंचांग बाजूला ठेवून खाली बसतो आणि एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीला विचारतो की मनापासून आहे ना. लग्न मोडलं असतं तर त्यांची दक्षिणा गेली असती आणि दोन्हीकडच्या शिव्या त्यांनाच बसल्या असत्या. तरी पंचेचाळीस वर्षं ते विचारत राहिले. तुमच्या मुलीचा हट्ट कशासाठी आहे ते मला यातून कळलं, असं वाटतं. तिला मंगलाष्टकांपेक्षा तो माणूस हवा आहे.

आधी वन्संच्या म्हणण्याकडे येते, कारण घरात ताण तिथून सुरू झालाय.

त्यांच्या भीतीला हसू नका आणि मुलीलाही हसू देऊ नका. पण मुलीच्या लग्नाची पत्रिका छापून आली असेल तर ती वन्संच्या हातात द्या. वाचायला लावा. त्यात कुठे ना कुठे "कै." असेलच: कै. अमुक यांची नात, कै. तमुक यांच्या आशीर्वादाने. आपल्याकडची पत्रिका गेलेल्या माणसांना घेऊनच घरोघरी जाते आणि तिला कुणी अपशकुनी म्हणत नाही. विधींचंही तसंच आहे. शास्त्रोक्त लग्नात देवक बसवताना पुण्याहवाचनाबरोबर नांदीश्राद्ध असतं. नावात श्राद्ध आहे, पण ते शुभकार्याच्या आरंभीच करायचं असतं, आणि त्यात ज्यांना बोलावतात ते "नांदीमुख" पितर, म्हणजे आनंदी चेहऱ्याचे. घरात लग्न आहे, तुम्हीही या, असं त्यांना रीतसर सांगायचं. गेलेल्यांना वगळून मंगलकार्य करा असं आपल्या परंपरेनं कधी सांगितलेलंच नाही.

हे सगळं सांगून झालं की वन्संना निवांत विचारा: "तुमच्या मनात काय येतं, ते सांगा." पुष्कळदा अपशकुन या शब्दाच्या मागे वेगळीच गोष्ट असते. कुणाच्या तरी लग्नात कुणाच्या तरी आठवणीनं सगळा मांडव रडला होता, नवरी बिचारी कोपऱ्यात राहिली, असं काहीतरी त्यांनी पाहिलेलं असेल. ती भीती मात्र खरी आहे, आणि तिचा विचार करावा लागेल.

आता माझं मत. मुहूर्ताला ते रेकॉर्डिंग लावू नये. यात अपशकुनाचा काही संबंध नाही. कारण वेगळं आहे आणि ते तुमच्या मुलीलाही पटेल, अशी मला आशा आहे.

ती मंगलाष्टकं तिच्या चुलतबहिणीची आहेत. तुमचे गुरुजी प्रत्येक लग्नात वधूवरांची नावं, कुळं, गावं गुंफून म्हणत, असं तुम्हीच लिहिलं आहे. म्हणजे अंतरपाटाच्या या बाजूला तुमची मुलगी हार घेऊन उभी असेल, पलीकडे जावई, आणि स्पीकरमधून आशीर्वाद दुसऱ्याच जोडप्याला. आवाज त्यांचा, नावं दुसऱ्यांची. चुलतबहीण आणि तिचा नवरा समोर खुर्चीत बसलेले असतील, त्यांनाही अवघडल्यासारखं होईल. कुणी म्हणेल की नावांचा भाग कापून टाकू, मोबाईलवर दोन मिनिटांचं काम आहे. पण मग उरतं काय? ज्या माणसानं कधी एका मुलीची मंगलाष्टकं दुसरीला म्हटली नाहीत, त्याच्या आवाजाचं आपण असं करायचं?

आणखी एक गोष्ट आहे. मंगलाष्टकं म्हणणं हे मुहूर्त गाठण्याचं काम असतं. पूर्वी लग्नघरी पाण्यानं भरलेल्या घंगाळात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडत. ती घटिकापात्र. वाटी भरून बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटं झाली. पाण्याकडे बघत गुरुजी पुढचं कडवं सुरू करत. घड्याळं आली तरी काम तेच राहिलं. मामा मुलीला आणायला उशीर करतात, अक्षता मागच्या रांगेपर्यंत पोचलेल्या नसतात, वरमाय अजून साडीच नीट करत असते. गुरुजी हे सगळं डोळ्यांनी टिपतात, एखादं कडवं वाढवतात, एखादं गाळतात आणि बरोब्बर क्षणाला "सावधान" म्हणतात. रेकॉर्डिंगला समोरचं दिसत नाही. ते दोन वर्षांपूर्वीच्या लग्नातल्या सेकंदाला संपणार, तुमचा अंतरपाट धरणारे तयार असोत की नसोत.

म्हणून मुलीला सांगा: आवाज लावायचा तर आदल्या रात्री लाव. हळद उतरली, पाहुणे जेवले, की घरातली माणसं बसतील तेव्हा. चुलतबहिणीलाही जवळ बसव, कारण ती तिची ठेव आहे. तिथे कुणाला रडू आलं तर येऊ दे. मुहूर्ताच्या वेळी रडण्यापेक्षा ते तिथेच बरं. वन्संनाही तिथे बसवा. त्यांचं लग्नही गुरुजींनीच लावलेलं असणार ना?

मग मुहूर्ताला काय?

चाल उचला, ताई. रेकॉर्डिंगचा खरा उपयोग तो आहे. मंगलाष्टकं बहुधा शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात: ओळीला एकोणीस अक्षरं, बारा अक्षरांवर थांबा. पण प्रत्येक गुरुजींची चाल वेगळी असते. कुठे आवाज चढतो, कुठे अक्षर लांबवतात, "कुर्यात् सदा मंगलम्" म्हणताना किती वेळ "लम्" वर राहतात, हे त्यांचं त्यांचं असतं. तुम्ही किंवा तुमची बहीण, जिचा गळा बरा असेल तिनं, ते पंधरा दिवस रोज ऐका. दोन कडवी त्यांच्या चालीत, तुमच्या मुलीच्या आणि जावयाच्या नावानं, तुम्ही माईकवर म्हणा. बाकीची नवे गुरुजी म्हणतील. घरच्या बायकांनी मंगलाष्टकं म्हणणं आपल्याकडे कुणाला नवं नाही, कार्यालयातला साउंडवाला माईक आधी आत्या-मावशीच्या हातातच देतो.

"आईनं मंगलाष्टकं म्हणायची?" असं कुणी विचारलंच तर त्यांना आपल्याच मातीतलं सांगा. खटाव तालुक्यातलं कटगुण हे जोतीराव फुल्यांचं मूळ गाव. त्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी सत्यशोधक पद्धतीनं पहिलं लग्न लागलं, पुरोहिताशिवाय. त्या मंगलाष्टकांत वर आणि वधू एकमेकांशी बोलतात, वधू वराला प्रश्न करते. पुढे १९४३ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात, आजचा सांगली जिल्हा तेव्हा साताऱ्यातच होता, गावोगाव थोड्या खर्चात, साधेपणानं लग्नं लागली. त्यांना लोक गांधी विवाह म्हणत. तुमच्या गावात ऐंशी-नव्वदीच्या पुढचं कुणी असेल तर अशा एखाद्या लग्नाची आठवण निघेलही. विधी सगळे ठेवून त्यात आईनं दोन कडवी म्हणणं, ही त्यामानानं फार लहान गोष्ट आहे.

नव्या गुरुजींना हे आजच सांगा. लग्नाच्या सकाळी नको. त्या मुलाच्या जागी बसून पाहा: पहिल्यांदा या घरात येतोय, आणि मांडवात पाऊल ठेवल्यापासून प्रत्येक जण सांगतोय की आमचे आधीचे गुरुजी असं करायचे, तसं करायचे. त्याला घरी बोलवा, चहा द्या, रेकॉर्डिंग ऐकवा. बहुधा तोही त्यांना ओळखत असेल, या क्षेत्रातली माणसं एकमेकांना ओळखतात, कदाचित त्यांच्याच हाताखाली एखाद्या वास्तुशांतीला बसलेला असेल. संकल्पानंतर दोन वाक्यांत गुरुजींचं स्मरण तो स्वतःच करील. तुम्ही फक्त विचारा.

स्टेजवर हार घातलेला फोटो मात्र ठेवू नका. लांबून येणाऱ्याला कोण गेलं, कधी गेलं, एवढाच प्रश्न पडतो, आणि तासगावच्या मंडळींना तर काहीच उमगणार नाही. घरी देवकाशेजारी ठेवा.

रजिस्टर लग्नाचं थोडक्यात. मुलगी रागात म्हणतेय, असं धरून चालते. पण खरंच मनात असेल तर तिला दोन गोष्टी माहीत हव्यात. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं लग्न करायचं तर विवाह अधिकाऱ्याकडे तीस दिवसांची नोटीस लागते आणि लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार. मार्गशीर्ष जवळ आलाय, तारखेचा हिशेब आत्ताच करावा लागेल. आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातलं लग्न नुसत्या नोंदणीनं होत नाही, विधी व्हावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. ज्यांच्या रीतीत सप्तपदी आहे त्यांचं लग्न सातव्या पावलाला पूर्ण होतं. विचार करून रजिस्टर लग्न करणाऱ्या मुलींबद्दल मला आदर आहे. पण गुरुजी नाहीत म्हणून विधी नकोत, हे गुरुजींना ऐकवलं असतं तर ते काय म्हणाले असते, एवढं तिला विचारा. उत्तर तिच्याकडे असेल.

आता तुमच्या पत्रात नसलेली एक गोष्ट. त्या प्रश्नाचं काय? गौरीहराशी आता तुमच्या मुलीला कोण विचारणार?

रेकॉर्डिंगबद्दल घरात एवढं बोलणं झालं, पण जी गोष्ट फक्त तुमचे गुरुजी करत आणि दुसरं कुणी करत नव्हतं, ती पुढे कशी न्यायची याबद्दल कुणी काही म्हटल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. ती तुम्ही न्या. किंवा वन्संना सांगा. मला तर वाटतं वन्संनाच सांगावं. बायकांना बाजूला करायचं, खाली बसायचं, आणि त्याच शब्दांत विचारायचं: बाळ, मनापासून आहे ना? खरं म्हणजे हा प्रश्न आठ दिवस आधीही एकदा विचारून ठेवावा, म्हणजे "नाही" म्हणायला मुलीला वेळ मिळतो. गुरुजींच्या हातात मुहूर्ताआधीचा तेवढाच वेळ होता. तुमच्या हातात जास्त आहे.

आणि काकू.

तुमच्या पत्रात गुरुजींच्या पत्नीचा उल्लेख एकदाच आलाय, "काकू एकट्याच असतात, मुलगा पुण्याला कंपनीत" इतकाच. ताई, गुरुजींचा आवाज मांडवात यावा म्हणून घरात भांडण झालंय. काकू मांडवात आलेल्या चालतील का, हा प्रश्न कुणाला पडला का? वन्संना चालेल का? तुम्हाला? पहिल्या रांगेत बसवून, हळदीकुंकू लावून, ओटी भरून?

मला माहीत आहे, हे लिहिताना जेवढं सोपं वाटतं तेवढं करताना नसतं. पण जवळच्याच कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसंच करण्याचं आवाहन केलं. तुमच्यापासून फार लांब घडलेली गोष्ट नाही ही. ज्या बाईनं पंचेचाळीस वर्षं, नवरा दुसऱ्यांच्या मांडवात उपाशीपोटी उभा असताना, घरी त्याच्यासाठी थांबून जेवण ठेवलं, ती आता कुंकवाच्या ताटापासून लांब उभी राहणार असेल तर गुरुजींची आठवण आपण नक्की कुठे काढतोय?

ग्रामदेवतेला अक्षत दिली की पुढची अक्षत काकूंकडे घेऊन जा. तुम्ही, तुमचे यजमान आणि मुलगी, तिघंही. मात्र आग्रह करू नका. वर्ष झालेलं नाही, त्या नाही म्हणतील, त्यांच्या घरची रीत असेल किंवा त्यांना सोसवणार नाही. नाही म्हणाल्या तर लग्नानंतर पालीच्या खंडोबाला जाल तेव्हा जोडप्यानं आधी किंवा नंतर काकूंच्या घरी जावं, पाया पडावं, जेवायला थांबावं.

"कसं भरून काढू" याचं उत्तर याच भेटीत आहे, जेवढं आहे तेवढं. सगळं भरून निघत नाही. आमच्या घरचे गुरुजी सांगलीच्या गावभागात राहायचे. त्यांना डोळ्यांनी कमी दिसायला लागलं, पोथी वाचताना अडखळायला लागले, तसं आम्ही त्यांना बोलावणं कमी केलं. कुणी ठरवून केलं नाही. धाकट्या भावाच्या लग्नाला दुसरे गुरुजी आले. यांना ते बाजारात कुणाकडून तरी कळलं. पुढे वडिलांची रस्त्यात गाठ पडली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "माझं काही चुकलं होतं का?" वडिलांना उत्तर देता आलं नाही. ते गेल्यापासून वडील दर सर्वपित्रीला तर्पणात त्यांचंही नाव घेतात. आईवडिलांच्या बाजूच्या सगळ्यांची नावं झाली की गुरूंचंही घेता येतं. वडिलांचा आवाज त्या नावाशी अजून बदलतो.

तेव्हा काकूंना कारणं सांगू नका. ऊस तोडणी होती, मुलीचं ठरत होतं, सगळं खरं असेल. "आम्ही यायला हवं होतं, आलो नाही," एवढंच म्हणा. त्या काही बोलल्या तर ऐकून घ्या. पहिल्या भेटीत पाकीट नेऊ नका. लग्नात गुरुजींना जी दक्षिणा, जो शिधा, जे धोतर-उपरणं दिलं असतं, ते लग्नानंतर मानाचं म्हणून न्या, मदत म्हणून नको. पुरोहिताच्या घरात पेन्शन नसते. घरखर्चाचं कसं चाललंय ते मुलाला फोन करून वेगळं विचारता येईल, आणि तुमच्यासारखी वीस-पंचवीस घरं त्या पंचक्रोशीत असतील, त्यांच्याशीही बोलता येईल.

काही किरकोळ, पण विसरू नये असं. ते रेकॉर्डिंग एकाच मोबाईलमध्ये असेल तर आजच तीन ठिकाणी उतरवून ठेवा आणि कुणाचं लग्न, कोणती तारीख, हे सोबत लिहा. स्टेटसला किंवा इतरत्र टाकण्याआधी काकूंना आणि मुलाला विचारा. गुरुजींची मंगलाष्टकांची वही पाहायला मिळाली तर तिथेच बसून उतरवून घ्या, वही घरी मागू नका. जुन्या हस्तलिखित पोथ्या असतील तर त्या रद्दीत जाऊ नयेत एवढं मुलाच्या कानावर घाला, वाईच्या प्राज्ञपाठशाळेसारख्या ठिकाणी चौकशी करता येईल. हे पत्र वाचणाऱ्या ज्यांचं लग्न अशाच एखाद्या दिवंगत गुरुजींनी लावलं आणि नोंदणी राहून गेली, त्यांनी आता उशीर करू नये. अर्जावर लग्न लावणाऱ्याची माहिती आणि सही मागतात. ते हयात नसतील तर त्याऐवजी काय लागेल ते ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत विवाह निबंधकांकडे आधी विचारून घ्यावं. आणि घरी लग्न लावायला जंगमस्वामी येत असोत, उपाध्ये, बौद्धाचार्य किंवा काझी, ते म्हातारे झाले असतील तर त्यांच्या घरी यंदाच एक चक्कर मारावी.

तुमच्या मुलीची जन्मपत्रिका गुरुजींनीच केली होती, नावाचं अक्षरही त्यांनीच काढून दिलं होतं, असं तुम्ही लिहिलंय. वही मिळाली की पाहा, जुन्या लग्नांमधली नावं प्रत्येक कडव्यात कुठे बसवली आहेत. एकोणीस अक्षरांत तिचं नाव कुठल्या जागी येतं ते पेन्सिलनं लिहून म्हणून बघा. अडखळलं तर नव्या गुरुजींना विचारा, लघु-गुरू ते लावून देतील.